‘जंगली लामा’ विकणाऱ्यांपासून सावध

४८० डॉलर आणि वर १४० सोल, म्हणजे पेरूचं चलन. पेरूतल्या कुस्को शहरातल्या एका टूरवाल्याने आम्हा नवराबायकोकडून एवढे उकळले आणि बदल्यात जे दिलं ते तिथल्या कुठल्याही गल्लीत माणशी ९० सोलला मिळतं. आकडा आधीच सांगून टाकला, कारण ज्याला त्याला पहिलं तेच विचारायचं असतं आणि नंतरच्या ‘अरेरे’मध्ये थोडी मजाही असते.

जाहिरात अशी होती: आउसांगाते या डोंगराच्या पायथ्याशी दोन दिवस, सोबत स्थानिक फोटोग्राफर, गर्दी शून्य, जंगली लामांचे, म्हणजे उंटाच्या कुळातल्या त्या लांब मानेच्या लोकरी प्राण्यांचे, मोकळे कळप. आगाऊ ३०० डॉलर, बाकीचे १८० कुस्कोत रोख. आगाऊ रक्कम एका माणसाच्या वैयक्तिक खात्यावर. बँकेचे चार्जेस धरून पुण्यातून २६,१४० रुपये गेले. वैयक्तिक खातं म्हटल्यावर शंका यायला हवी होती, असं आता सगळे सांगतात. कोकणात घरगुती राहायची सोय करणारेही असेच पैसे घेतात, तेव्हा कुणाला शंका येते?

मला राग आहे तो त्या जाहिरातीतल्या फोटोचा. तो फोटो मी मोठा करून करून पाहिला होता. मागे फिकट ग्रॅनाइटचे सुळके, त्यांच्या टोकांवर काळा थर. अहो, ते तोर्रेस देल पाइने हे राष्ट्रीय उद्यान आहे! चिलीच्या दक्षिण टोकाला, पॅटागोनियात. कुस्कोहून हजारो किलोमीटर लांब. आणि पुढे चरणारे प्राणी लामा नव्हतेच, ग्वानाको होते, लामाचे जंगली भाऊबंद. राखाडी तोंड, तपकिरी पाठ, पांढरं पोट, सगळे एका साच्यातले. लामांचा कळप असा नसतो. त्यात पांढरे, काळे, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचे, सगळे असतात. मी त्या फोटोत काय बघत बसलो होतो? प्रकाश. बाजूने येणारा तो सोनेरी प्रकाश. मी पक्ष्यांचे फोटो काढतो, लामा हा माझा विषय नाही, आणि बाहेरगावी जाताना तिथल्या माणसाला जास्त कळतं असंच आपण धरून चालतो.

तर लिहून ठेवा: जंगली लामा जगात नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसाने ग्वानाकोपासून पाळीव केलेला प्राणी आहे तो. जंगली हवेत तर ग्वानाको किंवा विकुन्या. डोंगरात लामा मोकळे चरतात, पण प्रत्येकाला मालक असतो, कानात रंगीत लोकरीचे गोंडे असतात. जंगली लामा दाखवतो म्हणणारा एक तर अडाणी नाहीतर चोर. आमचा अडाणी नव्हता.

कुस्कोत रोख १८० दिल्यावर ‘गावाचं परमिट’ म्हणून माणशी ७० सोल, एकूण १४०, आणखी घेतले. ३,४०० मीटरवर पहिल्या दिवशी डोकं भणभणत असतं, कोण वाद घालणार. खऱ्या गावांची प्रवेश फी असते, पण ती नाक्यावर भरायची आणि तिकीट हातात घ्यायचं. पहाटे चारला गाडी आली ती खच्चून भरलेली. फोटोग्राफर नाही. गाडी गेली विनिकुंकाला, म्हणजे त्या इंद्रधनुषी डोंगराला, जिथे रोज झुंडी जातात. पाच हजार मीटरच्या वर, धापा टाकत, आम्हाला मिळाला दोरीला बांधलेला, गोंडेवाला, गॉगल घातलेला एक लामा. फोटोचे १० सोल. त्या लामावाल्या बाईंबद्दल तक्रार नाही, त्यांनी दर आधी सांगितला आणि लामा खरा होता. शेजारच्या सीटवरच्या मुलीने ९० सोल भरले होते हे परतताना कळलं. बायको खिडकीबाहेर बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. फोन बंद, ऑफिसला कुलूप.

आता अधिकाऱ्यांचं ऐका. पर्यटकांच्या चौकीत पावती मागितली. पावतीवर ‘रुक’ नाही, म्हणजे तो ११ आकडी कर क्रमांक नाही, म्हणून ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पाठवलं. तिथे म्हणे, कंपनी नोंदलेलीच नाही, मग तक्रार कुणाविरुद्ध घ्यायची? म्हणजे नोंदणी करून फसवणाऱ्याला पकडणार, न करता फसवणारा मोकळा! पुण्यात बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबरवाल्यांनी दोन तास बसवून ठेवलं, परदेशातला मामला म्हणून हात झटकले आणि वर विचारलं, “काका, प्राण्यांचे फोटो काढायला एवढे पैसे?” त्याच्याशी तुमचा काय संबंध? मी काय चोरीचे पैसे उडवत होतो? शेवटी एका कार्यालयाने ईमेल पाठवला: स्पॅनिश पावतीचं प्रमाणित भाषांतर जोडा. पावतीवर एकूण नऊ शब्द आहेत.

जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर टाकून तो मुळात कुठला आहे ते शोधून बघा, अर्धा मिनिट लागतो. रुक क्रमांक आधी मागा. पेरूत प्रत्येक दुकानात तक्रारवही ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर पाकीट काढू नका. आणि मोकळे लामा हवेत तर माचू पिच्चूच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर ते हिंडतातच, प्रवेशाच्या तिकिटावर वेगळं काही लागत नाही. विकुन्या हवा तर पेरूतल्याच अरेकिपा शहराहून चिवाय गावाला जाणाऱ्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून दिसतो, लांब लेन्स मात्र न्या.

ती जाहिरात अजून चालू आहे. आगाऊ रक्कम आता ३५० डॉलर.