सातेरीच्या पेट्या – वसाहती एकदम जोरदार
सातेरीच्या (आपली पाळीव देशी मधमाशी) पेट्या घेतल्या, माश्या शांत आहेत आणि अळ्यांची चौकट गच्च भरलेली, मधे रिकामी घरं फारशी नाहीत, घेताना हेच बघा. कारण मधमाशीत नर फलन न झालेल्या अंड्यातून होतो, त्याला 16 क्रोमोसोम, मादीला 32, पण मादी व्हायला सीएसडी जीनच्या (नर की मादी हे ठरवणारा जीन) दोन वेगवेगळ्या कॉप्या लागतात, सारख्या आल्या की नरच होतो आणि कामकरी माश्या ती अळी खाऊन टाकतात, मग चौकट विरळ दिसते. दुर्मिळ कॉपीला तिच्यासारखीच दुसरी क्वचितच भेटते, म्हणून तिला कायम फायदा, उत्क्रांतीत तिचे इतके प्रकार टिकले ते यामुळेच, भारीच आहे हे! विक्रेत्याने स्वतःहून वेगवेगळ्या गावच्या वसाहती दिल्या, म्हणजे सारख्या कॉप्या एकत्र यायची शक्यता कमी, हे फार आवडलं. स्टँड तेवढा लेचापेचा आहे, तो दुसरा घ्या.