चालत जायची छोटी शाळा की बसची मोठी?

लेकीला १ जूनला सहा वर्षं पूर्ण होतात, म्हणजे यंदा पहिली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरापासून दहा मिनिटांवर बालवाडी ते बारावी एकाच आवारात भरणारी छोटी शाळा आहे. दुसरी वडोदऱ्याबाहेर, बसनं पाऊण तास.

मोठीकडे मैदान, तरणतलाव, सगळं आहे; पण वर्गात चाळीस मुलं. छोटीत बावीस. आम्ही गेलो तेव्हा मधली सुट्टी होती. नववीतला एक मुलगा खाली बसून पहिलीतल्या पोराच्या बुटाची नाडी बांधत होता. बाईंनी जाता जाता दोघांनाही नावानं हाक मारली. मला भरूनच आलं.

छोटीची अडचण अकरावीत येते: विषय निवडायला वाव कमी. तेव्हा शाळा बदलू, असं सासूबाई म्हणतात, आणि मला ते पटतं.

फीसाठी दोन्हीकडे २०१७ चा गुजरातचा कायदा लागू आहे. त्या कायद्याखालच्या फी समितीनं मंजूर केलेल्या फीचा आदेश मागून बघा, बसचे पैसे वेगळे विचारा. गुजराती पहिली ते आठवी दोन्हीकडे सक्तीची. मराठी घरीच शिकवावी लागणार. त्यासाठी संध्याकाळी वेळ हवा, आणि बसमधून दमून आलेल्या पोरीकडे तो कुठून येणार? आम्ही छोटीचा फॉर्म भरला.