कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन निवडताना: सीटी, एमआरआय आणि खर्च

पुण्यात डेक्कन, शिवाजीनगर किंवा टिळक रस्त्यावरच्या दोन-तीन स्कॅन केंद्रांना फोन केला, तर एकाच तपासणीचे वेगवेगळे दर सांगितले जातात. हा फरक पुष्कळदा कॉन्ट्रास्टमुळे, म्हणजे स्कॅनमध्ये अवयव उठून दिसावेत म्हणून टोचल्या जाणाऱ्या औषधामुळे पडतो: कुठे इंजेक्शन दरात धरलेले असते, कुठे ते वेगळे आकारले जाते, आणि कोणते औषध देणार हे विचारल्याशिवाय सहसा सांगितले जात नाही. दर विचारताना औषधाचे नाव आणि मात्राही विचारावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सीटीसाठी आयोडीनयुक्त औषध वापरतात आणि प्रौढाला ते साधारण 80 ते 100 मिली लागते. इंजेक्शन जाताना अंगभर उष्णता जाणवते, तोंडात धातूसारखी चव येते. ही ॲलर्जी नव्हे. जपानमध्ये तीन लाखांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीव्र प्रतिक्रियांचे प्रमाण जुन्या आयोनिक औषधांत 0.22 टक्के, तर नॉन-आयोनिक औषधांत 0.04 टक्के आढळले. म्हणून आयोहेक्सॉल, आयोपॅमिडॉल यांसारखे नॉन-आयोनिक औषधच घ्यावे. इथे पैसे वाचवू नयेत. मासे किंवा कोळंबीची ॲलर्जी असल्यास हे इंजेक्शन चालत नाही, हा समज चुकीचा आहे. पूर्वी कॉन्ट्रास्टचीच प्रतिक्रिया आली असेल, तर मात्र ते आवर्जून सांगावे. मूत्रपिंडाची खरी काळजी ईजीएफआर (मूत्रपिंडांची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा रक्ततपासणीतील आकडा) 30 च्या खाली असताना करावी लागते, आणि अशा मधुमेही रुग्णांची मेटफॉर्मिनची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने 48 तास थांबवली जाते.

एमआरआयसाठी गॅडोलिनियम या धातूचे औषध वापरतात. त्याची मात्रा फार कमी लागते आणि त्याच्या तात्काळ प्रतिक्रियाही आयोडीनपेक्षा विरळ असतात. परंतु त्याचा प्रश्न वेगळा आणि अधिक गंभीर आहे. मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झालेल्या रुग्णांत त्वचा आणि सांधे आखडवणाऱ्या नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस या विकाराचा या औषधांशी असलेला संबंध 2006 साली पुढे आला, आणि नंतर मेंदूत व हाडांत गॅडोलिनियमचे अंश राहतात हेही दिसून आले. गॅडोडायमाइडसारख्या लिनियर, म्हणजे उघड्या साखळीच्या रचनेत धातूचा अणू सैल धरलेला असतो, तर गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल या मॅक्रोसायक्लिक औषधांत तो कड्यात घट्ट अडकलेला असतो. 2017 साली युरोपीय औषध नियामकाने बहुतेक लिनियर औषधांचा सर्वसाधारण वापर थांबवला. यकृतासाठीची काही औषधे मात्र राहिली. मॅक्रोसायक्लिक औषध महाग पडले तरी तेच मागावे, विशेषतः मुलांसाठी आणि वारंवार स्कॅन करावे लागणाऱ्यांसाठी.

किमती मिलीलीटरवर तोलल्या तर मात्र फसगत होते. 60 किलो वजनाच्या रुग्णाला गॅडोटेरेट 12 मिली लागते, पण दुप्पट तीव्रतेचे गॅडोब्युट्रॉल 6 मिलीच पुरते. त्यामुळे कुपीची किंमत न पाहता आपल्या वजनाला लागणाऱ्या पूर्ण मात्रेची किंमत विचारावी. उघडलेल्या कुपीतले उरलेले औषध बिलात धरतात का, हेही विचारावे.

मुतखड्यासाठी सीटी, गुडघ्याची गादी किंवा मणक्यातील चकती पाहण्यासाठी एमआरआय सहसा प्लेनच, म्हणजे कॉन्ट्रास्टशिवायचा पुरतो. उलट गाठ, संसर्ग किंवा पूर्वीच्या शस्त्रक्रियेनंतरचा व्रण यांचा संशय असेल, तर आधी प्लेन करून नंतर कॉन्ट्रास्टसाठी पुन्हा बोलावले जाणे अधिक खर्चिक ठरते. म्हणून चिठ्ठीवर तपासणीचे कारण स्पष्ट लिहून घ्यावे. यकृतातील गाठीसाठी, मूत्रपिंडे दुबळी असल्यास, सल्फर हेक्साफ्लोराइडच्या सूक्ष्म बुडबुड्यांची सोनोग्राफी हा पर्याय विचारण्याजोगा आहे, कारण तो वायू श्वासावाटे बाहेर पडतो.

खर्च झेपणारा नसेल, तर पुण्यातील धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तेथील वैद्यकीय समाजसेवकाला शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला दाखवून स्कॅनवरील सवलतीची चौकशी पैसे भरण्यापूर्वीच करावी.