ऑफ-मार्केट भाड्याची घरं शोधून देणारी सर्व्हिस, ३ महिने वापरून

जाहिरातीत न आलेली, भाडेकरू आधीच राहत असलेली घरं विकत घ्यायला शोधून देतात म्हणून ही सर्व्हिस घेतली. लिस्ट मोठी असते पण अर्धी शिळी, एका मालकाला फोन लावला तर तो म्हणे अहो घर विकून दोन वर्षं झाली, आणि या आठवड्यातले तुम्ही चौथे! म्हणजे तीच लिस्ट सगळ्यांना विकलीय, ऑफ-मार्केट कसलं डोंबलाचं.

एक फिल्टर मात्र खरंच कामाचा, मालक दुसऱ्या गावी राहतो आणि घर भाड्याने दिलंय असा, कारण लांबून भाडेकरू सांभाळून कंटाळलेला माणूसच जरा नीट बोलतो. मला एक घर त्यातूनच मिळालं. फक्त त्यांच्या शीटवरचा परतावा धरून चालू नका, पूर्ण १२ महिन्यांचं भाडं पकडलेलं असतं, रिकामा काळ, दुरुस्ती, टॅक्स काहीच वजा नाही. मी भाडेकरार आणि बँकेतल्या जमा नोंदी मागितल्या तेव्हा कळलं की दोन महिन्यांचं भाडं थकलंय. आणि हो, भाडेकरूचं डिपॉझिट विकणाऱ्याकडून आपल्याकडे येणार ना ते आधीच लिहून घ्या, नाहीतर घर सोडताना भाडेकरू ते मागायला आपल्याच दारात.

अजून एक महिना रिन्यू करीन, वर्षाचा प्लॅन नको.