ब्रॉयलरच्या पाण्यातला पानांचा अर्क: उपयोग आहे, पण निपल सांभाळून

तुळस, अडुळसा, शेवगा आणि कडुनिंब यांच्या पानांचा अर्क म्हणून विकले जाणारे हे औषध आम्ही हिवाळी बॅचमध्ये दोनपैकी एकाच शेडला दिले. पिल्ले एकाच हॅचरीची, खाद्य एकाच लॉटचे आणि खाली अंथरलेले तूसही सारखेच होते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये कोंबड्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी घातली, त्याला पर्याय म्हणून विक्रेते हे पुढे करतात. तो दावा मान्य करण्यासारखा नाही. आजार शिरल्यावर पशुवैद्यकाला बोलवावेच लागते.

अर्क दिलेल्या शेडमध्ये विष्ठा घट्ट राहिली, त्यामुळे निपलखालचे (चोच मारली की पाणी देणाऱ्या तोटीखालचे) तूस कमी ओले झाले आणि पहाटे पडदे उघडताना डोळ्यांना झोंबणारा अमोनिया कमी जाणवला. पक्ष्यांच्या श्वासाची रात्रीची खुरखुरही कमी होती. लिफ्टिंगच्या वेळी, म्हणजे पक्षी विक्रीसाठी उचलताना, वजनात किंवा एफसीआरमध्ये (एक किलो वजनवाढीला लागलेल्या खाद्यात) मात्र नोंद घेण्याजोगा फरक आढळला नाही.

खरी अडचण पाण्याच्या लाइनमध्ये आहे. काचेच्या ग्लासात मिश्रण ठेवले की तळाशी हिरवट-तपकिरी गाळ बसतो आणि हाच गाळ निपलच्या पिनेत अडकतो. ओळीच्या टोकाकडचे पक्षी चोच मारून कंटाळतात आणि टाकीजवळच्या निपलांवर गर्दी करतात. रात्रभर मिश्रण राहिल्यास पाइपला आतून बुळबुळीत थर धरतो. म्हणून अर्क फडक्यातून गाळून, सकाळच्या चार-पाच तासांत संपेल एवढ्याच पाण्यात द्यावा आणि नंतर लाइन स्वच्छ पाण्याने धुवावी. कडुनिंबाच्या कडवटपणामुळे सुरुवातीला पक्षी पाणी कमी पितात, आणि पाणी कमी झाले की खाद्यही कमी होते, हे लक्षात घेऊन पहिल्या आठवड्यात तो देऊच नये. राणीखेत रोगावरची लासोटा लस किंवा गंबोरो या विषाणूजन्य रोगाची लस पाण्यातून द्यायच्या दिवशीही तो टाळलेला बरा.

चौथ्या आठवड्यात हजार पक्षी दिवसाला साधारण २०० ते २५० लिटर पाणी पितात, त्यामुळे लिटरला १ मिलि या मात्रेने दिवसभर दिल्यास पाच लिटरचा कॅन हजार पक्ष्यांना जेमतेम तीन आठवडे पुरतो. लेबलवर पानांची नावे ठळक आहेत, प्रमाण कुठेच नाही. झाकण उघडल्यावर किती दिवसांत संपवावे, हेही छापलेले नाही. आमच्या कॅनच्या तळाशी उरलेल्या अर्काला आंबूस वास येऊ लागला, तो आम्ही ओतून दिला. कंपनीने एक लिटरची बाटली काढली आणि अर्क नीट गाळून दिला, तरच पुढच्या हिवाळ्यात पुन्हा घेऊ.