पापण्यांतल्या किड्यांसाठी आयपीएल लाइट (इंटेन्स पल्स्ड लाइट, म्हणजे प्रखर उजेडाचे फ्लॅश) घ्यावी, की वाइप्स आणि थेंबांवर भागतं?

"तुमच्या पापण्यांत किडे आहेत" असं डॉक्टरांनी म्हटलं की माणूस असा काही हादरतो की समोर ठेवतील त्या पॅकेजला हो म्हणून मोकळा होतो. तर आधी थोडं शांत व्हा. डेमोडेक्स नावाचे हे किडे वय वाढेल तसे वाढत जातात, सत्तरी ओलांडलेल्यांमध्ये शोधले तर जवळपास सगळ्यांकडेच सापडतात आणि कितीतरी लोकांना त्यांचा काडीचा त्रास नसतो. नुसते "आहेत" म्हणून पैसे घालवायची गरज नाही. सकाळी उठल्यावर खाज, पापण्यांच्या कडा लाल, सारखी रांजणवाडी, पापण्यांचे केस गळणं, डोळ्यात वाळू गेल्यासारखं चुरचुरणं, असं काही असेल तर पुढचं वाचा.

खात्री करायला काही भारी टेस्ट लागत नाही. स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर, हनुवटी टेकवली की डॉक्टरांना एवढंच सांगा, मी खाली बघतो, तुम्ही वरच्या पापणीच्या केसांची मुळं बघा. समोर बघत असताना ते दिसतच नाही म्हणून बऱ्याचदा सुटून जातं. किडे जास्त असतील तर प्रत्येक केसाच्या मुळाशी मेणचट, अर्धपारदर्शक कडं दिसतं, केसाला बांगडी चढवल्यासारखं. त्यात किड्यांची अंडी, त्यांचा केरकचरा आणि आपल्याच कातडीचा थर असतो. साधा कोंडा केसावर कुठेही भुरभुरलेला असतो, हे मात्र मुळाशीच घट्ट बसलेलं. अमेरिकेत डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये कुठल्याही कारणाने आलेल्या हजारभर पेशंटचा अभ्यास झाला होता, त्यात 58 टक्के लोकांना ही कडी सापडली, म्हणजे प्रकार अजिबात दुर्मिळ नाही. जमलं तर स्लिट लॅम्पवरूनच मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या, कारण दोन महिन्यांनी फरक पडला की नाही हे त्याच्यावरूनच कळणार, नाहीतर "आता बरं वाटतंय ना?" एवढ्यावरच कारभार चालतो.

आता आयपीएल. यंत्रात झेनॉनचा दिवा असतो, कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्याच जातीचा, आणि फिल्टर लावून साधारण 590 नॅनोमीटरच्या पुढचा उजेड सोडतात. लेझर नाही हे. डोळ्यांवर शील्ड, गालावर थंड जेल, आणि एका कानापासून नाकावरून दुसऱ्या कानापर्यंत, खालच्या पापणीच्या खालून फ्लॅश मारत जातात. रबर बँड सट्ट करून लागावा तसं वाटतं, चारदोन मिनिटांत संपतं. खरी परीक्षा त्याच्यानंतर, पापणी चिमट्यात धरून तिच्या कडेतल्या तेलाच्या ग्रंथी दाबतात आणि आत घट्ट झालेलं पांढरट तेल बाहेर काढतात, तेव्हा डोळ्यातून पाणी येतं. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने अशी चार सेशन, आणि पुढे गरजेप्रमाणे सहा महिन्यांनी, वर्षाने एखादं.

तुम्ही म्हणाल किडे केसांच्या मुळाशी आणि उजेड गालावर, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! शंका रास्त आहे. आयपीएलचं मुख्य काम किडे मारणं नाहीच मुळी. कडेच्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांतलं रक्त तो उजेड शोषून घेतं, त्या वाहिन्या बंद होतात, सूज कमी होते, उष्णतेने ग्रंथींतलं तेल पातळ होतं. अमेरिकेतल्या मेम्फिसचे डोळ्यांचे डॉ. रोलांडो टॉयोस यांच्या हे लक्षात आलं तेसुद्धा असंच, रोझेशियासाठी (चेहऱ्यावर लाली येणारा कातडीचा आजार) चेहऱ्यावर लाइट घेतलेले पेशंट सांगायला लागले की डोळेही बरे वाटतायत. औषधं आणि यंत्रं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने एप्रिल 2021 मध्ये ल्युमेनिस कंपनीच्या ऑप्टिलाइट या आयपीएल यंत्राला मान्यता दिली ती ग्रंथी बिघडून होणाऱ्या ड्राय आयसाठी, म्हणजे डोळे कोरडे पडण्यासाठी, किड्यांसाठी नाही. ब्रोशरमध्ये हा फरक कुणी ठळक छापत नाही.

मग किडे मरतात की नाही? उष्णता त्यांना मानवत नाही हे खरं. 2020 मध्ये काही डॉक्टरांनी उपटलेल्या केसावरच्या एका किड्यावर फ्लॅश मारून व्हिडिओ काढला, तो तापून निपचित पडला. पण तो उघड्यावर होता, तुमच्या पापणीच्या आत नाही. चीनमधल्या 40 पेशंटच्या अभ्यासात आयपीएल गटात किडे टी ट्री तेल लावलेल्या गटापेक्षा जास्त साफ झाले. चांगलीच गोष्ट, पण 40 म्हणजे 40. झालेले सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020 च्या आढाव्यानेही आयपीएलबद्दल ठाम सांगण्याएवढे चांगले अभ्यास नाहीत असंच म्हटलं, आणि तेही ड्राय आयपुरतं.

आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा कातडीचा रंग. फिट्झपॅट्रिक नावाची सहा टप्प्यांची मोजपट्टी आहे, एक म्हणजे सगळ्यात गोरी आणि सहा म्हणजे सगळ्यात गडद कातडी, ऑप्टिलाइटची मान्यता त्यातल्या पहिल्या चार टप्प्यांनाच आहे, आणि आपण मराठी माणसं बहुतेक चार-पाचमध्ये, काही जण सहामध्येही. गडद कातडीतलं मेलॅनिन तोच उजेड शोषतं, मग भाजणं नाहीतर महिनोन्महिने राहणारे काळे डाग. पाचव्या टप्प्यावर कमी पॉवर ठेवून करणारे डॉक्टर आहेत, पण तिथे यंत्रापेक्षा हात महत्त्वाचा. त्यामुळे विचारायचंच: माझा टाइप कुठला धरताय, आधी एका ठिकाणी टेस्ट शॉट देणार का, आणि फ्लॅश तुम्ही मारणार की टेक्निशियन? या प्रश्नांवर चिडचिड करणाऱ्या ठिकाणी मी तरी तोंड पुढे करणार नाही.

लाइटचाच दुसरा प्रकार म्हणजे लाल एलईडीचा मास्क. पंधराएक मिनिटं डोळे मिटून पडायचं, जेल नाही, चटका नाही, कातडी सावळी असली तरी बिनधास्त. काही ठिकाणी आयपीएलनंतर लगेच हाच लावतात. ग्रंथी मोकळ्या व्हायला याची मदत होते, पण किड्यांच्या बाबतीत पुरावा फारच तोकडा, निळ्या मास्कचंही तेच. रांजणवाडीची गाठ बसत नसेल तर विचार करा, निव्वळ किड्यांसाठी नको.

वाइप्सकडे या. टी ट्री ऑइलमधला काम करणारा घटक टर्पिनेन-4-ऑल, तो असलेल्या पापण्यांच्या वाइप्स किंवा फोम मिळतात, रोज रात्री केसांच्या मुळांवरून आडवं घासायचं, निदान सहा आठवडे, कारण किड्याचं आयुष्यच दोन-तीन आठवड्यांचं आणि अंड्यातून निघणारी पुढची पिढीही गाठायची असते. लोक आठवड्यात कंटाळतात आणि "उपयोग नाही" म्हणतात. बेबी शॅम्पूने कडा स्वच्छ होतात, किडे मरत नाहीत. आणि कृपा करून आयुर्वेदिक दुकानातलं शुद्ध टी ट्री ऑइल कापसाने डोळ्याला लावू नका, ते बुबुळाला भाजतं, 50 टक्क्यांचं द्रावण डॉक्टरच क्लिनिकमध्ये बधिर करून लावतात. सौम्य वाइप्ससुद्धा कायमच्या नकोत, प्रयोगशाळेत 1 टक्का टर्पिनेन-4-ऑलनेही तेलग्रंथींच्या पेशींना इजा झालेली दिसली आहे. सोबत जुनं काजळ आणि मस्कारा फेकून द्या, बहिणी-बहिणींत एकच काजळपेन्सिल फिरत असेल तर ते बंद, उशीचे अभ्रे गरम पाण्यात.

न्यू जर्सी, टेक्सासकडे असाल तर तुमच्यापुढे आणखी एक पर्याय आहे, लोटिलानर 0.25 टक्के थेंब, ब्रँड एक्सडेम्वी. जुलै 2023 मध्ये एफडीएची मान्यता मिळाली, आणि खास या किड्यांच्या आजारासाठी मिळालेलं हे पहिलंच औषध. दिवसातून दोनदा, सहा आठवडे. दोन मोठ्या चाचण्यांत अनुक्रमे 44 आणि 56 टक्के लोकांची कडी जवळपास साफ झाली, नुसत्या बिनऔषधी थेंबांवर 7 आणि 13 टक्के. थोडं झोंबतं, बाकी विशेष काही नाही. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी देतात तेच रसायन, हे ऐकून नाक मुरडू नका. किडे मारायचे एवढाच हेतू असेल तर सगळ्यात भक्कम पुरावा याच्या मागे आहे, लाइटच्या मागे नाही. इन्शुरन्स किती देतो तेवढं फार्मसीत आधी विचारा.

भारतात डॉक्टर कधीकधी आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देतात, वजनाप्रमाणे, आठवड्याच्या अंतराने दोन डोस. हो, तीच कोविडवाली, जी गोव्यात मे 2021 मध्ये सरकारने 18 वर्षांवरच्या सगळ्यांना द्यायचं जाहीर केलं होतं. इथे तिचा निदान किड्यांशी संबंध तरी आहे, पण तरी स्वतःच्या मनाने घेऊ नका, गरोदरपणात तर नाहीच.

माझं मत विचाराल तर निव्वळ कडी आणि खाज असेल, तेलग्रंथी ठीक असतील, तर सहा आठवडे वाइप्स मनापासून करा किंवा थेंब मिळत असतील तर थेंब, आयपीएलवर खर्च करू नका. गालांवर लाली, रोझेशिया, ग्रंथी तुंबलेल्या, वारंवार गाठी, गरम शेक करून करून थकलात आणि कातडी चार टप्प्यांच्या आत, मग आयपीएल खरंच पैसे वसूल करू शकतं, पण वाइप्स त्यासोबतही चालूच ठेवायच्या. कातडी पाच-सहाची असेल तर आधी बाकी सगळं संपवा. मेडिक्लेम यात बहुतेक धरत नाहीत, म्हणून चारही सेशनचा आकडा पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

करायचं ठरलंच तर तारीख बघून ठरवा. याच आजारासाठी दिलेली डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर आधी सांगा, त्या गोळीने कातडी उजेडाला हळवी होते, पिंपल्सच्या आयसोट्रेटिनॉइनचंही तसंच. पापणीवर टॅटूवालं कायमचं आयलायनर, ल्युपस, फिट्स, नागिणीचा किंवा हर्पिसचा इतिहास, पोटात बाळ, यातलं काहीही असेल तर लपवू नका. दाढीवाल्यांनी गालावरचे वरचे केस विरळ होऊ शकतात हे धरून चाला. आणि मे महिन्यात कोकणात समुद्रावर रापून आलात की पुढच्याच आठवड्यात सेशन नको, रापलेला रंग उतरू द्या, मग अपॉइंटमेंट.