पिस्तुलाची काडतुसं स्वतः भरायची तर कोणती प्रेस घ्यावी?

हँडलोडिंग, म्हणजे प्रेस नावाच्या हातयंत्रावर स्वतः काडतुसं भरणं, सुरू करू पाहणारा माणूस बहुतेक वेळा आधी वेग विचारतो. त्याचं उत्तर देऊन टाकतो: सिंगल-स्टेज प्रेसवर तासाला साधारण 50 ते 60 काडतुसं होतात, टरेटवर 150च्या आसपास, आणि प्रोग्रेसिव्हवर हात बसला की 400च्या पुढे (हे तीन प्रकार काय आहेत ते पुढे सांगतो). यंत्र निवडताना मी मात्र आधी एक दुसरीच गोष्ट बघतो. पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळकांड्यात, पावडर (बंदुकीची दारू) पडल्यावर आणि वर गोळी बसण्याआधी, तुमची नजर त्या पुंगळीच्या आत जाते का? आणि शंभराव्या वेळीही जाते का?

त्याआधी कायद्याचं बघा. काही देशांत परवानाधारक नेमबाजाला स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरता येतात, काही ठिकाणी त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि काही ठिकाणी साफ मनाई आहे. परवानगी नसेल तर प्रेसचा विचार तिथेच सोडून द्या.

नजरेवर इतका भर का, ते सांगतो. पिस्तुलाच्या काडतुसाला पावडर फार थोडी लागते, बहुतेक वेळा 3 ते 7 ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, यावरून अंदाज येईल. एवढीशी पावडर पुंगळीच्या तळाशी पडते आणि वर बरीच जागा रिकामी राहते. चुकून दुसऱ्यांदा पावडर पडली तरी ती मावते, वर गोळीही व्यवस्थित बसते, आणि बाहेरून ते काडतूस इतरांसारखंच दिसतं. ते उडवल्यावर पिस्तूल फुटू शकतं. उलट पावडर पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडाशी बसणाऱ्या, पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या) जोरावर गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकते. तिच्यामागून पुढची गोळी सुटली की नळी फुगते किंवा फाटते.

यात काडतुसाप्रमाणे फरक पडतो. पॉइंट 38 स्पेशल हे काळ्या दारूच्या काळातलं काडतूस आहे. त्याची पुंगळी त्या दारूच्या मापाने लांब ठेवलेली, म्हणून आजच्या धूरविरहित पावडरीचे दोन, कधी कधी तीन डोस त्यात सहज लपतात. 9 मिमी लुगरची पुंगळी जेमतेम 19 मिमी लांब आहे. बऱ्याच पावडरींचा दुहेरी डोस त्यात काठापर्यंत येतो किंवा सांडतो, म्हणजे लगेच दिसतो. पण 9 मिमीचा दाब मुळातच जास्त आहे: अमेरिकन मानकानुसार कमाल मर्यादा 35,000 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तर 38 स्पेशलची 17,000. त्यात पुंगळी लहान असल्यामुळे गोळी जराशी खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो. म्हणून 38 भरणाऱ्याने पावडरीची पातळी जिवापाड जपावी आणि 9 मिमी भरणाऱ्याने कॅलिपर हाताशी ठेवून काडतुसाची एकूण लांबी तपासत राहावं. दोघांनीही शक्यतो फुललेली, जास्त जागा व्यापणारी पावडर निवडावी, म्हणजे दुहेरी डोस लपायला जागाच उरत नाही.

आता यंत्रांकडे वळू.

सिंगल-स्टेजमध्ये एका वेळी एकच डाय (पुंगळीवर ठरावीक काम करणारा साचा) असते. 50 पुंगळ्या घ्यायच्या आणि सगळ्यांचं एकेक काम उरकत पुढे जायचं: जुना प्रायमर काढून पुंगळी मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, तोंड किंचित उमलवायचं, पावडर घालायची, गोळी बसवायची, शेवटी क्रिम्प, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीभोवती आवळणं. कार्बाइड डाय घेतली तर सरळ पिस्तुली पुंगळ्यांना तेल लावावं लागत नाही. काम कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण पावडर घातल्यावर 50 पुंगळ्या लोडिंग ब्लॉकच्या खाचांमध्ये तोंड वर करून उभ्या असतात. बॅटरीचा झोत टाकायचा आणि रांगेने बघत जायचं. एखादीत पातळी वर असेल किंवा तळ कोरडा असेल, तर शेजारच्या पुंगळ्यांमुळे ती लगेच डोळ्यात भरते. यापेक्षा चांगली तपासणी मला कुठल्याही यंत्रात सापडलेली नाही. प्रायमर हाताच्या छोट्या अवजाराने बसवलात तर तो खोबणीत नीट बसल्याचं बोटांनाच कळतं. पॉइंट 45 एसीपीसाठी तर हे फार मोलाचं आहे, कारण त्याच्या पुंगळ्या मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मापांच्या प्रायमरच्या मिळतात. लहान खोबणीत मोठा प्रायमर जात नाही हे हाताला तत्काळ समजतं आणि तुम्ही थांबता.

टरेट प्रेसमध्ये सगळ्या डाय वरच्या फिरत्या चकतीवर असतात. पुंगळी एकाच जागी राहते आणि डाय फिरून तिच्यावर येते. एक पुंगळी पूर्ण काडतूस होऊन बाहेर पडली की मगच दुसरी हातात घ्यायची. हाताखाली एका वेळी एकच पुंगळी असल्यामुळे गोंधळाला वाव कमी, आणि वरून दिवा नीट लावला तर गोळी ठेवण्याआधी आत बघणं सहज जमतं. मात्र 50 पुंगळ्यांची शेजारी-शेजारी तुलना इथे मिळत नाही. चकती न फिरता दांडा दोनदा ओढला गेला तर दुहेरी डोस इथेही पडतो. ली कंपनीच्या चार छिद्रांच्या टरेटमध्ये दांड्याबरोबर चकती आपोआप फिरते, आणि ती फिरवणारी सळई काढून ठेवली की तेच यंत्र सिंगल-स्टेजसारखं वापरता येतं.

प्रोग्रेसिव्हमध्ये चार किंवा पाच पुंगळ्या एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात. दांडा एकदा ओढला की सगळ्यांचं काम एकदम होतं आणि एक काडतूस बाहेर पडतं. सगळं सुरळीत चाललं असताना हे यंत्र सुरक्षितच आहे. धोका येतो तो मध्येच काही अडकलं की.

माझ्यासोबत हे घडलंय. हाताने शेलप्लेट (पुंगळ्या धरणारी खालची चकती) फिरवायच्या प्रोग्रेसिव्हवर मी 38 स्पेशल भरत होतो. पहिल्या टप्प्यावर प्रायमर तिरपा बसला. ती पुंगळी काढली, दुसरी ठेवली आणि दांडा पुन्हा ओढला. माझं सगळं लक्ष त्या प्रायमरवर होतं. शेजारच्या टप्प्यावरच्या पुंगळीत मात्र पावडर आधीच पडलेली होती, आणि त्या ओढीत ती दुसऱ्यांदा पडली. गोळी ठेवण्याआधी आत बघायची सवय होती म्हणून पातळी वर दिसली. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे: यंत्र कुठल्याही कारणाने थांबलं तर शेलप्लेटवरच्या सगळ्या पुंगळ्या उतरवायच्या, पावडर पडलेल्या रिकाम्या करायच्या आणि नव्याने सुरुवात करायची. चार पुंगळ्यांची मेहनत वाया जाते, जाऊ द्या.

प्रोग्रेसिव्हमध्ये बहुधा शंभर प्रायमर एका नळीत एकावर एक रचलेले असतात. एक चिरडून पेटला तर बाकीचेही पेटू शकतात. म्हणून प्रायमर अडला की दांड्यावर जोर अजिबात द्यायचा नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा तर तिन्ही यंत्रांवर हवाच.

काही गोष्टी कुठलंच यंत्र तुमच्यासाठी करत नाही. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा ठेवा. काम संपलं की हॉपरमधली (यंत्रावरच्या पावडरच्या भांड्यातली) पावडर त्याच डब्यात परत ओता. रात्रभर तशीच राहिली तर सकाळी ती कुठली होती याची खात्री देता येत नाही. पावडर किती घालायची हे प्रकाशित लोड-पुस्तिकेतून, नेमक्या त्याच गोळीसाठी आणि त्याच पावडरसाठी बघा, आणि तिथल्या सुरुवातीच्या आकड्यापासूनच चढत जा. वजनकाटा दरवेळी प्रमाणित वजनाने तपासा. रेंजवर एखादा बार नेहमीपेक्षा मंद वाटला तर थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळी मोकळी असल्याची खात्री केल्याशिवाय पुढचा चाप ओढू नका. जळालेल्या प्रायमरमध्ये शिसं असतं, म्हणून पुंगळ्या घासताना धूळ उडू देऊ नका आणि उठल्यावर हात धुवा.

मग घ्यावं काय? महिन्याला शंभर-दोनशे काडतुसं उडवणाऱ्याला सिंगल-स्टेज आयुष्यभर पुरते. आठवड्याला शंभर-दीडशे लागत असतील तर मी टरेट सुचवेन. पहिली काही शेकडो काडतुसं सळई काढून, ब्लॉक समोर ठेवून भरा. प्रत्येक टप्पा हाताला कळला की मग सळई घाला. प्रोग्रेसिव्ह मी नवशिक्याला सुचवत नाही, त्याच्याकडे पैसे असले तरी. एका वेळी पाच पुंगळ्यांवर लक्ष ठेवायचं असेल तर एकीचं काम आधी अंगवळणी पडलेलं असावं लागतं.

स्पर्धेसाठी हजारोंनी काडतुसं लागत असतील आणि प्रोग्रेसिव्ह घ्यायचंच ठरलं असेल, तर पाच टप्प्यांचं आणि आपोआप फिरणारं घ्या. पाचव्या टप्प्याचा उपयोग असा की पावडर आणि गोळी यांच्यामध्ये पातळी तपासणारी डाय बसवता येते. पातळी चुकली की काही डाय आवाज करतात, तर आरसीबीएस कंपनीची लॉक-आउट डाय यंत्रच अडवते. चार टप्प्यांच्या यंत्रात ती बसवायची तर गोळी बसवणं आणि क्रिम्प ही दोन कामं एकाच डायवर उरकावी लागतात, आणि 9 मिमीसारख्या, पिस्तुलाच्या नळीत पुंगळीच्या तोंडावर टेकून बसणाऱ्या काडतुसात मला ते वेगळं केलेलंच बरं वाटतं. ती डाय बसवल्यावरही दिवा शेलप्लेटच्या अगदी वर, पुंगळीच्या तळापर्यंत उजेड जाईल असा लावा.